कॉव्हेंट्रीची शुक्रवारची लितानी: एका गाळलेल्या शब्दाची ताकद

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री कॅथीड्रलच्या पडक्या भिंतींत दर शुक्रवारी दुपारी १२ वाजता समेटाची लितानी, म्हणजे प्रत्येक ओळीला सगळ्यांनी ठरलेला प्रतिसाद द्यायची प्रार्थना, म्हटली जाते. उपासना जेमतेम काही मिनिटांची. ‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’ ही येशूची आज्ञा चर्चच्या मंडळीच्या तोंडी कशी द्यावी, हे शिकायचे असेल तर एवढ्यासाठी लंडनहून रेल्वेने तासभराचा प्रवास जरूर करावा.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी या शहरावर सुमारे ११ तास बॉम्ब टाकले. पाचशेहून अधिक माणसे गेली आणि मध्ययुगीन कॅथीड्रल जळून गेले. छताच्या कोळसा झालेल्या दोन तुळया क्रूसासारख्या पडलेल्या जॉक फोर्ब्स या गवंड्याला दिसल्या. त्याने त्या बांधून उभ्या केल्या. छताचेच तीन जुने खिळे जोडून खिळ्यांचा क्रूस झाला. प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी वेदीमागच्या भिंतीवर दोनच इंग्रजी शब्द कोरवले: ‘Father Forgive’, म्हणजे ‘बापा, क्षमा कर’.

लूक २३:३४ मध्ये क्रूसावरच्या येशूच्या प्रार्थनेत ‘त्यांना क्षमा कर’ आहे. इथे ‘त्यांना’ नाही, आणि सगळी ताकद त्यातच आहे. ‘त्यांना’ म्हटले की म्हणणारा आपोआप निर्दोषांच्या रांगेत जाऊन उभा राहतो आणि क्षमा म्हणजे वरून टाकलेली भीक होते. कॅथीड्रलचे धर्मगुरू जोसेफ पूल यांनी १९५८ मध्ये लिहिलेली लितानी हाच धागा पकडते. सुरुवात ‘सर्वांनी पाप केले आहे’ या रोम ३:२३ च्या वचनाने होते. मग सात पापे येतात: राष्ट्राराष्ट्रांत, वंशावंशांत, वर्गावर्गांत फूट पाडणारा द्वेष, परक्याचे बळकावण्याची हाव, माणसांचे कष्ट लुबाडून पृथ्वी उजाड करणारा लोभ, मत्सर, कैदी, बेघर आणि निर्वासितांविषयीची बेपर्वाई, देहाची विटंबना करणारी वासना, गर्व. प्रत्येक ओळीनंतर सगळ्यांचा एकच प्रतिसाद: ‘बापा, क्षमा कर’. शेवटी एकमेकांना क्षमा करायला सांगणारे इफिस ४:३२. मराठी मंडळीत ही लितानी घेताना कुणाला ‘आम्हांला’ घालायचा मोह होईल, घालू नये. मराठीत कर्माशिवाय वाक्य सहज उभे राहते, आणि ती मोकळी जागाच इथे काम करते.

उणीव एकच, पण मोठी. लितानी राष्ट्रांबद्दल बोलते. बांध कोरणारा भाऊ किंवा हात उगारणारा नवरा तिच्यात नावाने येत नाही. म्हणून प्रतिसादांच्या मध्ये क्षणभर शांतता हवी, म्हणजे प्रत्येकाला मत्तय ५:४४ प्रमाणे आपल्या वैऱ्याचे नाव मनात घेता येईल. प्रतिसाद घाईने उरकले तर नुसता ठेका उरतो. प्रार्थना चालवणाऱ्याने आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगावी: रोम १२:१९ सूड देवाच्या हाती सोपवायला सांगते, तक्रार मागे घ्यायला किंवा मार खायला परत जायला सांगत नाही. हे सांगायचे राहिले की पीडितावरच क्षमेचा दबाव येतो आणि अत्याचार करणारा मोकळा सुटतो.

या प्रार्थनेवर विश्वास बसतो तो तिच्यामागच्या कामामुळे. शहर जळून दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा १९४० च्या नाताळात हॉवर्ड यांनी याच अवशेषांतून रेडिओवर सूडाचा विचार दूर सारायला सांगितले. युद्धानंतर खिळ्यांचे क्रूस जर्मनीतल्या कील, ड्रेस्डेन, बर्लिन इथे गेले. १९६५ मध्ये कॉव्हेंट्रीचे तरुण ड्रेस्डेनला गेले आणि ब्रिटिश-अमेरिकी बॉम्बहल्ल्यात पडलेले तिथले एक रुग्णालय उभारायला त्यांनी हात लावला. भुकेल्या वैऱ्याला जेवू घाला, या रोम १२:२० चा भाव इथे कृतीत पाळलेला दिसतो.

जाणाऱ्यांसाठी: स्टेशनपासून पायी सुमारे पंधरा मिनिटे. अवशेषांवर छप्पर नाही, त्यामुळे हिवाळ्यात जाड कोट हवाच. बाराच्या दहा मिनिटे आधी पोहोचा. उशीर झाला तर उपासना संपलेली असेल. अवशेषांतल्या वेदीवरचा जळका क्रूस ही प्रतिकृती आहे. मूळ क्रूस शेजारच्या, १९६२ मध्ये अर्पण झालेल्या नव्या कॅथीड्रलमध्ये आहे, तो चुकवू नका.