सिंपल पास्ट की प्रेझेंट परफेक्ट: कुठे काय वापरायचं?

इंग्रजीत मेल लिहिताना 'आय सेंट' (सिंपल पास्ट) टाकू की 'आय हॅव सेंट' (प्रेझेंट परफेक्ट) टाकू यावर बरेच जण अडतात आणि मग अंदाजाने काहीतरी ठोकून देतात. शाळेत शिकवतात ना, की नुकतीच पूर्ण झालेली क्रिया म्हणजे प्रेझेंट परफेक्ट, ते मला अर्धवटच वाटतं, कारण वीस वर्षांपूर्वी जपानला जाऊन आलेला माणूसपण 'आय हॅव बीन टू जपान' असंच म्हणतो, आणि 'आय सॉ हिम टू मिनिट्स अगो' मध्ये दोनच मिनिटं झालीत तरी तिथे परफेक्ट चालत नाही. म्हणजे किती वेळ झाला याच्याशी घेणंदेणंच नाही. प्रश्न एवढाच, की ती गोष्ट तेव्हा झाली आणि संपली असं सांगताय, की तिचा धागा आत्तापर्यंत आणताय?

आपण मराठीवाले फसतो ते 'आहे' मुळे. 'मी तिला काल मेल पाठवलाय' हे आपल्याकडे कुणालाच खटकत नाही, पण तेच 'आय हॅव सेंट हर द मेल यस्टरडे' केलं की चुकलं. 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन 2019', 'अगो' असं संपलेल्या वेळेचं काही वाक्यात आलं की सिंपल पास्ट, विषय संपला. केव्हा हे विचारतानाही तसंच, 'व्हेन हॅव यू कम' नाही, 'व्हेन डिड यू कम'. आणि 'होतो' चं तर विचारूच नका, 'काल गेलो होतो' चं लोक बिनधास्त 'आय हॅड गॉन यस्टरडे' करतात, तिथे साधं 'आय वेंट' पुरतं. हॅड लागतो तो भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या आधी काय झालं होतं ते सांगायला.

आता जिथे खरंच नुकसान होऊ शकतं ते बघा. इंटरव्ह्यूमध्ये तुम्ही म्हणालात 'आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स', तर समोरचा समजणार की ही नोकरी सुटली. 'आय हॅव वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स' म्हणालात तर अजून तिथेच आहात. फरक एका 'हॅव' चा, पण पुढचा प्रश्न 'का सोडली?' येणार की 'का सोडताय?' ते त्यावरच ठरतं. आणि आपलं 'तीन वर्षांपासून काम करतोय' आहे ना, त्याचं 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स' होतं, आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण प्रमाण इंग्रजीत ते 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स' असं हवं. 'सिन्स' च्या पुढे सुरुवात कधी झाली ते येतं, 'सिन्स 2021' वगैरे, आणि किती काळ हे सांगायचं तर 'फॉर'.

किल्लीचं उदाहरण सगळीकडे देतात, पण आहे चांगलं. 'आय हॅव लॉस्ट माय की' म्हणजे अजून सापडलेली नाही, दाराबाहेर उभा आहे. 'आय लॉस्ट माय की' यात हरवली एवढंच कळतं, नंतर सापडली की नाही ते गुलदस्त्यात.

कधीकधी वाक्य तेच असतं आणि घड्याळ बघून काळ ठरतो. 'हॅव यू सीन हिम धिस मॉर्निंग' हे सकाळ चालू असेपर्यंत, दुपार झाली की 'डिड यू सी हिम धिस मॉर्निंग'. माणसांचंही तसंच आहे बरं का, हयात लेखकाबद्दल 'ही हॅज रिटन टेन नॉव्हेल्स' म्हणतात कारण अकरावी येऊ शकते, शेक्सपिअर 1616 मध्येच गेला त्यामुळे त्याने किती नाटकं लिहिली हे सांगताना 'रोट' च.

गप्पांमध्ये हे दोन्ही काळ एकामागोमाग येतात, ते नीट ऐकलं की अर्धं काम होतं. 'हॅव यू एव्हर बीन टू जपान?' 'यस, आय हॅव.' 'व्हेन डिड यू गो?' 'आय वेंट इन 2018.' अनुभव आहे का हे परफेक्टने विचारलं आणि तपशिलात शिरल्या शिरल्या गाडी सिंपल पास्टवर आली. इथे 'गॉन' नाही हं, 'शी हॅज गॉन टू जपान' म्हणजे ती तिकडे गेलीये आणि अजून परतलेली नाही.

'जस्ट', 'ऑलरेडी', 'यट' यांच्यासोबत ब्रिटिश लोक शक्यतो परफेक्ट वापरतात, 'आय हॅव ऑलरेडी ईटन', आणि अमेरिकन माणूस 'आय ऑलरेडी एट' म्हणून मोकळा होतो. दोन्ही बरोबर, त्यावरून भांडू नका, फक्त एका लेखात एकच पद्धत ठेवा.

लिहिता लिहिता अडलात आणि दोन्ही चालेलसं वाटलं तर मी तरी सिंपल पास्ट टाकेन, बोली इंग्रजीत ते बऱ्याच ठिकाणी खपून जातं. पण अजून चालू असलेल्या गोष्टीत ही पळवाट नाही. 'आय न्यू हिम फॉर टेन इयर्स' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की ओळख तुटली, नाहीतर तो माणूसच गेला.