स्क्रीनशॉटचं टूल: डॉक्युमेंटेशन कुणाचं बरं, फास्टलेन की माएस्ट्रो?

कांदा-द्राक्षांचे भाव दाखवणाऱ्या अ‍ॅपला प्ले स्टोअरसाठी मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांतले स्क्रीनशॉट हवेत. नाशिकच्या आमच्या छोट्या टीमला ते दर रिलीजला हाताने काढणं परवडत नाही.

माएस्ट्रो आणि फास्टलेन ही असं काम आपोआप करून देणारी टूल्स; प्रश्न इतकाच की कुणाचं डॉक्युमेंटेशन जास्त कामाचं. माएस्ट्रोची सुरुवात झकास. वायएएमएल या साध्या मजकुराच्या फाइलीत अ‍ॅप उघडा, अमुक बटण दाबा, स्क्रीनशॉट घ्या अशा ओळी लिहिल्या की झालं. कोडिंगचा गंध नसलेल्यालाही जमेल. पण स्क्रीनशॉटच्या कमांडचं पान फारच त्रोटक. भाषा बदलून तेच स्क्रीन पुन्हा कसे काढायचे, हे तिथे सापडत नाही.

फास्टलेनचं स्क्रीनग्रॅबचं (अँड्रॉइडचे स्क्रीनशॉट काढणाऱ्या भागाचं) पान रुक्ष, तरी माझं मत त्यालाच. स्क्रीनग्रॅबफाइल या सेटिंगच्या फाइलीत भाषांची यादी द्या, टूल प्रत्येक भाषेत टेस्ट चालवतं आणि सगळी चित्रं एका एचटीएमएल पानावर मांडतं. ‘आजचे बाजारभाव’ बटणाबाहेर सांडलं असेल तर तिथे लगेच डोळ्यात खुपतं. डीबग मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपच्या चाचणी आवृत्तीच्या माहिती-फाइलीत) टाकायच्या परवानग्याही जशाच्या तशा छापल्यात, नुसत्या उचलायच्या. या टेस्ट लिहायची अँड्रॉइडची लायब्ररी, एस्प्रेसो, मात्र आधी यायला हवी, आणि आयफोनसाठी फास्टलेनच्याच स्नॅपशॉट या भागाचं वेगळं पान वाचावं लागतं.