वाचनालयात मुलांसाठी काय सुरू करावं: गोष्टींचा तास, सुट्टीतलं शिबिर की शाळेत पुस्तकपेटी?

‘क’ किंवा ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीतल्या लहान वाचनालयात पगारी माणसं एक-दोनच. म्हणून उपक्रम ठरवताना खर्चाच्याही आधी विचारायचं, की तो चालू असताना पुस्तकांच्या देवघेवीला कोण बसणार? मुलं आली, रमली आणि रिकाम्या हाताने घरी गेली, तर वाचक काही वाढत नाहीत.

गोष्टींचा तास सर्वांत स्वस्त. सतरंजी, चाळीसेक चित्रपुस्तकं आणि गोष्ट सांगणारी दोन माणसं एवढं पुरतं. एकाच माणसावर भिस्त ठेवली की त्याच्या घरच्या पहिल्या लग्नाला तास बुडतो, आणि लागोपाठ दोनदा बुडला की मुलं यायची थांबतात. शनिवारी बहुतेक शाळा सकाळच्या असतात, तेव्हा शनिवारी संध्याकाळी 5 ची वेळ सोयीची. वय 5 ते 8, मुलं 25 पर्यंत. अर्ध्या तासात दोन गोष्टी, मग पंधरा मिनिटं पुस्तकं चाळायला. पुस्तकं कपाटात नकोत, मुखपृष्ठ वर करून सतरंजीवर मांडा. सांगणाऱ्याने भिंतीला पाठ करून बसावं. मागे खिडकी असली तर उजेडापुढे चित्रं दिसत नाहीत आणि मुलांचं लक्ष रस्त्याकडे जातं. दहा-बारा वर्षांची मुलं मिसळली की उत्तरं तीच देतात, धाकटी गप्प होतात. मोठ्यांना पुस्तकांच्या नोंदी करायला बसवा, खूश होतात. अनामत भरलेली नाही म्हणून मुलाला पुस्तक घरी नेता येत नसेल तर पालकांच्या खात्यावर एक बालपुस्तक जादा द्यायचा ठराव कार्यकारी मंडळाकडून करून घ्या. नव्या पुस्तकांना पैसे नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी मोफत उतरवून छापता येतात.

शिबिराला गर्दी होते, फोटोही चांगले येतात. पण आठ-दहा दिवस रोज दोन तास, दर दहा मुलांमागे एक कार्यकर्ता, शिवाय कागद, रंग, खाऊ. उन्हामुळे वेळ सकाळी 8 ते 10 चीच. वार्षिक परीक्षा संपण्याआधी शाळेत अर्ज वाटले नाहीत तर मुलं आजोळी निघून जातात. कोकणातल्या गावात नेमकं उलटं: मे महिन्यात मुंबईची मुलं येतात, शिबिर भरतं, आणि जूनमध्ये ती परत गेली की बालविभाग पुन्हा ओस. शिबिरानंतर तास चालवायची तयारी नसेल तर त्यात पडू नये, असं आमचं स्पष्ट मत.

पेटी लांबच्या वाडीवस्तीवरच्या मुलांसाठी उत्तम. एका वर्गाला 40 पुस्तकं, झाकणाच्या आत यादी चिकटवलेली, सांभाळायला दोन विद्यार्थी, महिन्याने अदलाबदल. बालविभागात दोनशेच पुस्तकं असतील तर दोन पेट्यांच्या वर जाऊ नका. नाहीतर वाचनालयात येणाऱ्या मुलाला घ्यायला काही उरत नाही. पेटी फसते ती बहुधा एकाच कारणाने: पुस्तक हरवलं तर भरून द्यावं लागेल या धास्तीने शिक्षक तिला कुलूप लावतात. म्हणून वर्षाला किती पुस्तकं गहाळ झालेली चालतील ते आधीच लेखी ठरवा आणि पेटीची नोंदवही वेगळी ठेवा, म्हणजे वाचनालयातली पुस्तकं मोजून पडताळताना घोळ होत नाही.

15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन किंवा 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या स्पर्धा जरूर घ्या, पण त्या या हिशोबात धरू नका. बक्षीस घेऊन गेलेलं मूल सहसा पुढच्या स्पर्धेलाच उगवतं.

एकच कर्मचारी असेल तर पंधरा दिवसांनी एक तास, एवढ्यावर सुरुवात करावी. दोन महिन्यांनी हजेरीपट बाजूला ठेवून देवघेवीच्या नोंदी बघा. तासाच्या दिवशी पुस्तकं बाहेर जात नसतील, तर त्या वेळी देवघेवीच्या टेबलाशी खरंच कोणी बसलेलं असतं का, ते आधी तपासा.