झोपायची सॅटिन टोपी: बडोद्यात विकत घ्यावी की शिवून?

मंगळबाजारात क्लिपा-रबरं विकणाऱ्या गाड्यांवर आता सॅटिनच्या फुगीर टोप्याही लटकलेल्या दिसतात. लांबून पाहिलं तर आंघोळीची टोपी वाटते. ही मात्र रात्री केसांवर घालून झोपायची, बोनेट म्हणतात ती. एकेरी कापडाची शंभर-दीडशे रुपयांत मिळते, दुहेरी अस्तराची तीन-चारशेला. खऱ्या रेशमाची ऑनलाइन मागवावी लागते आणि तिची किंमत हजाराच्या पुढे जाते. आमचा निकाल आधीच सांगतो. एकेरी घेऊ नका, दुहेरी पारखून घ्या, आणि घरात मशीन असेल तर सरळ शिवा.

या टोपीचं घर अमेरिकेतल्या काळ्या बायकांचं. आपल्याकडे वाघोडियाच्या बाजूला शिकायला येणाऱ्या आफ्रिकी मुलींच्या डोक्यावरही ती दिसते. त्यांचा केस आडवा कापला तर चपटा-लंबगोल दिसतो आणि मुळापासूनच घट्ट वळत जातो. टाळूचं तेल या वळणांवरून खाली उतरत नाही, म्हणून टोकं कोरडी राहतात, आणि प्रत्येक वळणावर केस तुटायला सोपा. त्यात सुती अभ्रा वरचं उरलंसुरलं तेल शोषतो आणि रात्रभर घासतोही. सॅटिनवरून केस घसरतो, घासत नाही. टोपीचं काम एवढंच. आपल्यातल्या कुरळ्या केसांच्या मुलींना फायदा होतो तो याच कारणाने, फक्त कमी प्रमाणात. सरळ केसांना आजीची सैल वेणी पुरते, टोपीवर पैसे घालवायचं कारण नाही.

तिकडे या टोपीला केसांपलीकडचा अर्थ आहे. 1786 मध्ये तेव्हा स्पॅनिश राजवटीतल्या, आज अमेरिकेत असलेल्या लुइझियानात गव्हर्नर मिरो याने काळ्या बायकांनी डोकं कापडाने झाकावं असा हुकूम काढला. बायकांनी तेच कापड इतकं झोकात बांधलं की शिक्षेचा दागिना झाला. नैसर्गिक केसांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करू नये हा कायदा कॅलिफोर्नियाने केला तो थेट 2019 मध्ये. म्हणून तिथे आठवड्यातला केस धुण्याचा दिवस नुसत्या न्हाण्याचा नसतो. कित्येक तास कुणाला काही न देता स्वतःसाठी बसायची ती परवानगी असते. शेरिल वुड्स-गिस्कोंबे या संशोधिकेने 2010 मध्ये काळ्या बायकांवरच्या एका ओझ्याची नीट मांडणी केली: सतत खंबीर दिसायचं, भावना गिळायच्या, कुणाचा आधार घ्यायचा नाही, आधी दुसऱ्यांचं करायचं. दांडियाबाजारातल्या एखाद्या एकत्र घरातल्या मधल्या सुनेला हे समजावून सांगावं लागणार नाही. तरी दोन्हीकडचं ओझं एकच असं म्हणू नये, तिकडे त्यावर वंशभेदाचा थर आणखी आहे.

आता माल. दीडशेची एकेरी टोपी उलटी करून पाहा. आतल्या बाजूला कापडाची पाठ असते, आणि सॅटिनची पाठ खरबरीत. म्हणजे झळाळी उशीला आणि खरबरीतपणा केसांना. इलॅस्टिक अर्ध्या सेंटिमीटरचं, कापडावरच ताणून टीप मारलेलं. त्याची कड कपाळाच्या केसरेषेवर काचते. रोज त्याच जागी काचत राहिलं तर तिथले बारीक केस विरळ होतात; घट्ट वेण्या घालणाऱ्यांमध्ये ही तक्रार जास्त, कारण मुळं आधीच ओढलेली असतात. परीक्षा सोपी आहे: टोपीच्या कडेखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, आणि सकाळी पडलेला वळ अर्ध्या तासात जायला हवा. सगळ्यांना एकच माप, असं विकणारे सांगतात. ते खरं नसतं.

दुहेरी टोपीत आतला थर बघायचा, बाहेरचा कसाही चालेल. सॅटिन हे विणीचं नाव आहे, धाग्याचं नाही. गाडीवरचा माल जवळजवळ सगळा पॉलिस्टरचा. दुकानदार रेशीम म्हणत असेल तर शिवणीतला एखादा सुटा धागा मागून काडीवर धरा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. रंगासाठी ओला पांढरा रुमाल वीस वेळा घासा. मरून आणि काळा उतरण्याची शक्यता जास्त, आणि उतरणारा असेल तर घाम आला की तो रंग कपाळावर येतो.

शिवणार असाल तर दीड मीटर पन्ह्याचं सॅटिन 65 सेंटिमीटर पुरतं. पन्हा 112 सेंटिमीटरचा असेल तर सव्वा मीटर घ्या, दोन गोल शेजारी मावत नाहीत. 60 सेंटिमीटर व्यासाचे दोन गोल कापा. कमरेपर्यंत वेण्या असतील तर व्यास 70 करा आणि कापड त्या हिशोबाने वाढवा. झळाळीच्या बाजू समोरासमोर ठेवून कडेने एक सेंटिमीटरवर टीप, पाच सेंटिमीटर तोंड उघडं. उलटवून इस्त्री अगदी मंद. मग कडेपासून दोन सेंटिमीटर आत दुसरी टीप, की नेफा तयार. त्यात दीड सेंटिमीटर रुंद इलॅस्टिक, लांबी डोक्याच्या घेराहून पाच सेंटिमीटर कमी: घेर 55 तर 50. सुई नवीन आणि बारीक, नऊ किंवा अकरा नंबर. बोथट सुईने सॅटिनचे धागे ओढले जाऊन शिवणीशेजारी चिमटे पडतात. टाचण्याही कडेलाच लावा, मध्ये लावल्या तर भोकं राहतात.

आतल्या थराला आणखी चांगला उपाय बऱ्याच मराठी घरांच्या कपाटात पडलेला असतो. जुनी, मऊ झालेली साधी रेशमी साडी किंवा फाटका मुकटा. काठ-पदर कापून टाका, जरीने केस तुटतात. घडीवर विरलेली जागाही टाळा, पहिल्याच धुण्यात फाटते. बाहेरून मलमल लावली की टोपी हलकी होते आणि श्वास घेते. बडोद्याच्या मे महिन्यात हे महत्त्वाचं, कारण दुहेरी पॉलिस्टरमध्ये घाम अडकतो, टाळू खाजते, कोंडा वाढतो. उन्हाळ्यात ज्यांना टोपी सहनच होत नाही त्यांनी नुसता सॅटिनचा अभ्रा घालावा, बरंचसं काम तो करतो.

घालताना केस पूर्ण कोरडे हवेत. वेण्यांच्या बाबतीत इथेच चुकतं: वरून कोरड्या वाटतात, मुळाशी ओल राहते, दोन रात्रींत कुबट वास सुरू होतो. मुळाशी टिश्यू दाबून पाहा. मोकळे कुरळे केस पुढे वाकून टाळूवर गोळा करा, सैल कापडी रबराचा एकच वेढा द्या, मग टोपी मागून पुढे ओढा. पुढून मागे ओढली तर कपाळावरचे केस उलटे दबतात. तेल टोकांना दोन-तीन थेंब, टाळू थबथबवून टोपी घालू नका. पॉलिस्टर तेल धरून ठेवतं, आणि खवट वास धुऊनही जात नाही.

आठवड्यातून एकदा गार पाण्यात रिठ्याने धुवा. तेलाचे डाग असतील तर आधी भांड्याच्या साबणाचा एक थेंब चोळा. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवायचं. स्टार्च तर नकोच, कापड ताठ झालं की सगळा मुद्दाच गेला.

काही पाकिटांवर ‘ताण घालवते, शांत झोप देते’ असं छापलेलं असतं. त्याबद्दल एक गुण कापतो. टोपी सकाळचा गुंता वाचवते, म्हणजे वीस मिनिटं आणि थोडी चिडचिड. हे कमी नाही, पण झोप न येणं वेगळं. दोन आठवडे झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल तर 14416 लावा. टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. गुजरातेत राहून मनातलं गुजरातीत सांगताना अडखळणाऱ्या सासवांनाही हे सांगून ठेवा.

शिवलेल्या टोपीचं उलटवायचं तोंड हाताने, मोठ्या टाक्यांनी बंद करा. इलॅस्टिक कापडाच्या खूप आधी सैल पडतं. तेव्हा ते टाके उसवले की तिथून जुनं ओढून, नव्याला सेफ्टी पिन लावून पाच मिनिटांत घालता येतं.