केबल बाहेरून अंगठ्याएवढी, आतून पेन्सिलीएवढी

माझी थार 2015 ची, सीआरडीई म्हणजे डिझेल इंजिनवाली. राहायला जुळे सोलापूर, पण डाळिंबाची बाग मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या कडेला. पावसाळ्यात तिथल्या काळ्या रानात गाडी घातली की ती जागच्या जागी बसते. दर वेळी ट्रॅक्टरवाल्याच्या विनवण्या करून कंटाळलो आणि 9,500 पाउंडांचा, म्हणजे साधारण 4,300 किलो ओढणारा विंच घेतला, म्हणजे गाडीच्या पुढच्या बंपरला बसणारं, बॅटरीवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र. विंच चांगलाच निघाला. फसलो ते वायरिंगमध्ये.

काम सोलापुरातच एका गॅरेजात दिलं. दुकान चकाचक, भिंतीवर मोठ्या टायरच्या गाड्यांचे फोटो, मालक पोरगा बोलायला गोड. "मालक, एक नंबर काम करून देतो, परत बघायचं काम नाही." चिठ्ठीवर लिहून दिलं: 35 स्क्वेअर एमएम तांब्याची केबल 6 मीटर 3,300, आयसोलेटर स्विच (विंचची वीज एका झटक्यात तोडणारा) 1,400, लाइट बारचे, म्हणजे जादा दिव्यांच्या पट्टीचे, रिले (मोठा करंट पेलणारा स्विच) आणि फ्यूज 2,200, मजुरी 4,500. एकूण 11,400 रुपये. चिठ्ठीवर जीएसटी नंबर नव्हता, ना दुकानाचा शिक्का. मी मागितलाही नाही, कारण "पक्कं बिल पाहिजे तर 18 टक्के वाढतील" म्हणाला. इथेच पहिली माती खाल्ली.

गाडी ताब्यात देताना त्याने माझ्यासमोर विंच चालवून दाखवला. दोर सरसर आत, सरसर बाहेर. मी खूश. आता कळतं की रिकामा विंच काहीच सिद्ध करत नाही. बिनवजनाचा तो शंभराच्या आतच अँपिअर घेतो, तेवढ्याला कसलीही वायर चालते. पूर्ण ताणावर हाच विंच 400 अँपिअरच्या आसपास जातो.

ऑगस्टमध्ये शेजाऱ्याचा पिकअप डाळिंबाच्या क्रेटसकट बांधाजवळ रुतला. थारच्या चाकांना दगड लावले, इंजिन चालू ठेवलं, हुक अडकवला. पिकअप दहा-बारा फूट आला तोवर थारचे हेडलाइट मिणमिणायला लागले आणि जळक्या रबराचा वास आला. मी रिमोटचं बटण सोडलं. विंच थांबेना! पिकअपमधल्या पोराने घाबरून ब्रेक दाबला, ताण आणखी वाढला, बॉनेटच्या फटीतून धूर. "अण्णा, बंद करा की!" अहो, कशाने बंद करू? विंचचा दोर मोकळा सोडणारी क्लचची खुट्टी एवढ्या ताणाखाली फिरत नाही. आयसोलेटर कुठेय हे शोधायला बॉनेट उघडलं, तर आयसोलेटर नाहीच. 10 नंबरचा पाना घेऊन बॅटरीचं टर्मिनल काढलं तेव्हा थांबला. हातावरचे केस करपले, तेवढ्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या ओळखीच्या मामांकडे नेली. चाळीस वर्षं स्टार्टर आणि डायनामो भरायचं काम केलेला माणूस. त्यांनी केबल ब्लेडने सोलली, एक तार नखाने खरवडली. आत पांढरी. मग लायटर लावला, तार वितळून गोळी झाली. तांबं 1,085 अंशाला वितळतं, लायटरने नुसतं लाल होतं. अ‍ॅल्युमिनियम 660 लाच जातं. "हे तांबं नव्हं. तांब्याचं पाणी दिलंय नुसतं," मामा म्हणाले. त्यात रबर जाडजूड आणि आतली तार मोजली तर 16 स्क्वेअरच्या आसपास. मी दुकानात केबल हातात घेऊन "काय जाड आहे" म्हणालो होतो, ते आठवून कान लाल झाले.

सहा मीटरचे पैसे घेऊन लावली होती जेमतेम सव्वादोन मीटर. निगेटिव्ह केबल बॅटरीपर्यंत आणलीच नव्हती, बंपरच्या रंगवलेल्या बोल्टला अडकवून दिली होती. म्हणजे ताण आला की मधेच दोन-अडीच व्होल्ट गायब. व्होल्टेज पडलं की विंचच्या सोलेनॉइडचा, म्हणजे बटण दाबलं की मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचा, पॉइंट घट्ट बसत नाही, थरथरतो, ठिणग्या पडतात आणि शेवटी वितळून चिकटतो. बटण सोडूनही विंच का ओढत राहिला ते तेव्हा समजलं. लाइट बारला रिले नव्हताच. वायर पिळून काळी टेप गुंडाळलेली, आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार. (तिथे मात्र खरं तांबं वापरलं होतं, हे विशेष.)

गॅरेजात गेलो तर तोच गोड पोरगा: "मालक, तुम्ही ओव्हरलोड केलं असणार." चिठ्ठी दाखवली तर म्हणे यावर आमचं नाव कुठंय. 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, पहिला प्रश्न बिलाचाच आला. पाच लाखांपर्यंतच्या मालाला ग्राहक आयोगात फी लागत नाही, पण पैसे दिल्याचा पुरावा तर हवा, आणि मी सगळे रोख मोजले होते. शेवटी दुकानात गिऱ्हाईक असताना आवाज चढवला, तेव्हा न लावलेल्या आयसोलेटरचे 1,400 परत मिळाले. बाकीचे गेले.

कुणी विंच बसवणार असेल तर केबल जोडायच्या आधी एक मीटर तुकडा मागा, सोला आणि किराणा दुकानातल्या काट्यावर टाका. 35 स्क्वेअरचं नुसतं तांबं मीटरला 300 ग्रॅमच्या वर भरतं. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम त्याच्या निम्म्यालाही येत नाही. गाडी ताब्यात घेताना विंच झाडाला बांधून ताणावर चालवा आणि बॅटरीकडून येणाऱ्या केबलवर (दोरावर नव्हे) हात ठेवून तापते का बघा. आयसोलेटर स्वतःच्या हाताने बंद करून बघा.

नवं काम मामांनी केलं. केबलचा तुकडा वजन करायला घेऊन गेलो तेव्हा कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "भंगार घालायचं का अण्णा?" त्याला जळकी केबलही दाखवली. उचलून लगेच म्हणाला, "ही हलकी आहे की." मला हे कळायला ऑगस्ट उजाडला होता.