सेकंडहँड लक्झरी हायब्रिड एसयूव्ही: आरएक्स ४५०एच, एक्ससी९० टी८ की एक्स५ ४५ई?

गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला हेच विचारलं, की जेवढ्यात नवी साधी एसयूव्ही येते तेवढ्यातच पाच-सहा वर्षं जुनी लक्झरी हायब्रिड पण येतेय तर घेऊ का, आणि घेऊ तर कुठली, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून काढतेय. मी आधी चार वर्षं बिनप्लगची हायब्रिड (बॅटरी गाडी चालता चालता स्वतःच भरते) वापरली आणि आता तीन वर्षं प्लगइन (बॅटरी प्लगला लावून चार्ज करायची) वापरतेय, दोन्ही सेकंडहँड घेतलेल्या. त्या दोन्ही इथल्या तीन गाड्यांपैकी नाहीत, पण दुसरी घेताना या तिन्ही नीट बघितल्या होत्या, चालवल्या होत्या, खालून टॉर्च मारून तपासल्या होत्या.

तिन्ही म्हणजे लेक्सस आरएक्स ४५०एच (२०१५ च्या शेवटी आलेली, २०२२ पर्यंत चाललेली), व्होल्वो एक्ससी९० टी८ (२०१५ पासून) आणि बीएमडब्ल्यू एक्स५ एक्सड्राइव्ह ४५ई (२०१९ ते २०२३). तिघींवर हायब्रिडच लिहिलंय पण आतून तिन्ही इतक्या वेगळ्या आहेत की एकीच्या अनुभवावरून दुसरी घेतली तर पस्तावायची वेळ येते.

सगळ्यात आधी प्लगचं बोलू. रात्री गाडी जिथे उभी राहणार तिथे तुमच्या हक्काचा, रोज वापरता येईल असा चार्जिंग पॉइंट आहे का? नसेल तर टी८ आणि ४५ई या दोन्ही प्लगइन यादीतून काढा, अगदी कितीही चांगल्या भावात मिळत असल्या तरी. "ऑफिसजवळ चार्जर आहे, अधूनमधून लावू" असं म्हणणारे लोक दोन महिन्यांनी लावायचं सोडून देतात, मी हे जवळून बघितलंय. आणि न लावलेली प्लगइन म्हणजे बॅटरीचं ओझं घेऊन फिरणारी पेट्रोल गाडी. आरएक्स साधारण २.१ टन, टी८ २.३ टनांच्या आसपास आणि ४५ई जवळपास २.५ टन. चार्ज संपल्यावर हे सगळं वजन इंजिनलाच ओढायचं असतं, मग टी८ लिटरला दहा-अकराच्या वर फारशी जात नाही, तिथे आरएक्स प्लगशिवाय बारा-तेरा देते, तीही एवढा मोठा ३.५ लिटरचा व्ही६ असून.

आरएक्सचं मला खरंच कौतुक वाटतं. २००५ मध्ये आरएक्स ४००एच आली तेव्हापासून मूळ रचना तीच ठेवून ते ती सुधारत आलेत. इंजिन आणि मोटर एका प्लॅनेटरी गिअरसेटने जोडलेत, त्यात नेहमीचे गिअर नाहीत, क्लच नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. म्हणजे जे पार्ट साध्या गाडीत आठ-दहा वर्षांनी हमखास पैसे मागतात ते इथे मुळात नाहीतच. मागची चाकं वेगळी मोटर फिरवते, मधून शाफ्ट जात नाही. बॅटरी निकेल मेटल हायड्राइडची, दोन युनिटपेक्षाही छोटी (किलोवॅट-अवर म्हणत नाही, सगळे युनिटच म्हणतात), त्यामुळे नुसत्या बॅटरीवर फार लांब जाणार नाही, पण ट्रॅफिकमध्ये रांगताना, उतारावर, सिग्नलला इंजिन सारखं बंद होत राहतं आणि पैसे तिथेच वाचतात.

तिची दुखरी बाजू म्हणजे आवाज आणि कंटाळा. ओव्हरटेक करायला पाय दाबला की इंजिनचा आवाज एकदम वर जातो आणि वेग सावकाश मागून येतो, ताणलेलं रबर सुटल्यासारखं. ताकद कमी नाहीये, इंजिन आणि मोटरी मिळून ३०८ हॉर्सपॉवर आहे, पण मजा येत नाही. शिवाय २०२० च्या आधीच्या गाड्यांत स्क्रीनला हात लावून काही होत नाही, माऊससारखी छोटी मूठ हलवावी लागते आणि कारप्ले, अँड्रॉइड ऑटो पण नाही. मला याचा इतका त्रास झाला की मी तरी २०२० च्या पुढचीच बघा म्हणेन.

आता टी८. हिचं एकच मोठं बलस्थान आहे, सात सीटा आणि त्याही अशा की तिसऱ्या रांगेत माणूस बसू शकतो. बॅटरी मधल्या टनेलमध्ये बसवलीय म्हणून मागची जागा खाल्ली नाही. आरएक्सची पण लांब सात-सीटर आली होती पण तिच्या शेवटच्या रांगेत लहान मुलंच बसतील. टी८ मध्ये पुढची चाकं २ लिटरचं इंजिन फिरवतं आणि मागची ८७ हॉर्सपॉवरची मोटर, मिळून चारशेच्या घरात. ऐकायला भारी वाटतं, आणि सरळ रस्त्यावर ती पळतेही. पण त्या छोट्या इंजिनावर टर्बो पण आहे आणि सुपरचार्जर पण आहे (दोन्ही इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवतात), म्हणजे एवढ्या जड गाडीसाठी त्याला बरंच राबावं लागतं. सुरुवातीच्या गाड्यांची बॅटरी ९.२ युनिटची, नंतर ११.६ झाली आणि २०२२ मध्ये १८.८. हा शेवटचा बदल मोठा होता, मागची मोटर १४५ हॉर्सपॉवरची केली आणि सुपरचार्जर काढून टाकला. ९.२ वाली जुनी गाडी असेल तर प्रत्यक्षात २५-३० किमी विजेवर जाते, थंडीत त्याहून कमी, तेव्हा जाहिरातीतला आकडा विसरा.

टी८ बघताना दोन गोष्टी मुद्दाम विचारा. एक, मागचा इलेक्ट्रिक अ‍ॅक्सल (मागची मोटर आणि तिचे गिअर) कधी बदललाय किंवा उघडलाय का, कारण जुन्या टी८ मध्ये तो सगळ्यात महाग भाग आहे आणि गाडी चालवताना मागून गुणगुण, घरघर आली तर तिथेच थांबा. दुसरं म्हणजे टायमिंग बेल्ट, इंजिनच्या झडपांचा ताल सांभाळणारा पट्टा. आरएक्स आणि ४५ई दोघींना चेन आहे, व्होल्वोच्या या इंजिनाला बेल्ट आहे आणि तो किलोमीटर कमी असले तरी वयाने बदलावा लागतो. प्लगइनचे किलोमीटर बघून लोक फसतात, कारण इंजिन कमी चाललेलं असतं पण वय झालेलं असतं.

४५ई मला तिघींत चालवायला सगळ्यात आवडली, हे आधीच कबूल करते म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही ते धरून चालाल. ३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, मोटर थेट आठ स्पीडच्या गिअरबॉक्समध्ये, त्यामुळे वीज असो की पेट्रोल, चारही चाकांना ताकद जाते आणि एकातून दुसऱ्यात जाताना कळतसुद्धा नाही. बॅटरी २४ युनिटची. कागदावर ८० किमीच्या पुढे, खऱ्या रस्त्यावर हवा बरी असेल आणि फार पळवली नाही तर ६०-७०. ज्याचं रोजचं जाणं-येणं पन्नासच्या आत आहे त्याला आठवडा-आठवडा पेट्रोल लागणार नाही, हे मी अतिशयोक्ती करत नाहीये. चार्जिंग मात्र हळू, ३.७ किलोवॅटच घेते, म्हणजे रिकामी ते फुल साधारण सात तास. रात्रभर लावायची असेल तर काहीच अडचण नाही, दुपारी तासभर लावून निघायचं असेल तर फारसा उपयोग नाही.

बॅटरी खाली आल्यामुळे डिकी साध्या एक्स५ च्या ६५० वरून ५०० लिटरवर आली आणि सात सीटांचा पर्याय मिळतच नाही. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे) सगळ्याच ४५ईंना आहे. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला चढता-उतरताना गाडी खाली बसते याचा फार आधार वाटला होता, पण तेच सस्पेन्शन आठ वर्षांनी गळायला लागलं की काय खर्च येतो ते पण लक्षात ठेवा. गाडी बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आदल्या रात्रीपासून हलवू नका म्हणून सांगा आणि सकाळी चारही कोपरे एकाच उंचीला आहेत का बघा. रात्रीत एक कोपरा खाली बसला असेल तर तिथे गळती आहे. टी८ मध्ये एअर सस्पेन्शन काहींना आहे काहींना नाही, नसलेली मिळाली तर मी ती आधी घेईन. आरएक्सला साध्या स्प्रिंगा.

खर्चाचं बोलायचं तर एक गोष्ट कुणी सांगत नाही. जुनी लक्झरी गाडी निम्म्या किमतीत मिळते, तिचा हेडलाइट निम्म्या किमतीत मिळत नाही. इन्व्हर्टर, कॅमेरा, सीटची मोटर, सगळ्याचे भाव नव्या गाडीचेच. मी गाडीच्या किमतीच्या वीस टक्के बाजूला ठेवल्याशिवाय घेऊ नका म्हणते, आणि ते जमत नसेल तर एक वर्ष जास्त जुनी आरएक्स घ्या पण हे पैसे ठेवाच. बऱ्याच कंपन्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी देतात, पण ती दुसऱ्या मालकाला मिळते का आणि सर्व्हिस चुकली असेल तर रद्द होते का, हे लेखी घ्या. चॅसी नंबर टाकून रिकॉलचं (दोष निघाला म्हणून कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांचं) काम बाकी आहे का तेही बघा, प्लगइनमध्ये तर नक्कीच.

बॅटरी तपासायची कशी हा प्रश्न सगळ्यांना पडतो. आरएक्सला ओबीडीचा (गाडी तपासायच्या सॉकेटमध्ये लावायचा) छोटा डोंगल आणि डॉ. प्रियससारखं अ‍ॅप लावून प्रत्येक ब्लॉकचं व्होल्टेज दिसतं. चढावर जोर देताना एखादा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा बराच खाली जात असेल तर तो आजारी आहे. तिची बॅटरी मागच्या सीटखाली आणि ती गार ठेवायला पंखा केबिनमधलीच हवा ओढतो, तेव्हा सीटजवळची ती जाळी बघा. कुत्र्याचे केस, धूळ, गालिच्याचे धागे यांनी ती बुजलेली असेल तर ती बॅटरी वर्षानुवर्षं गरम होत आलीय. दोन मिनिटांत साफ होणारी गोष्ट, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे पूर्ण बॅटरी जाते, मला याचं फार वाईट वाटतं. प्लगइनमध्ये डॅशबोर्डवरच्या रेंजवर विश्वास ठेवू नका, ती मागच्या ड्रायव्हिंगवरून काढलेली असते. बॅटरी पूर्ण रिकामी करून मीटर असलेल्या चार्जरला लावा आणि फुल व्हायला किती युनिट गेले ते बघा, त्यातून दहा-पंधरा टक्के चार्जिंगमध्ये वाया जातात ते वजा करा. त्याच मॉडेलची वापरता येणारी क्षमता माहीत असली की बॅटरीचं वय लगेच कळतं. चार्जिंग केबल सोबत आहे का आणि पोर्ट टाइप १ आहे की टाइप २ हे पण तेव्हाच बघा, बाहेरून आणलेल्या गाडीत नेमकं तिथेच अडतं.

एक गोष्ट तिघींना लागू आहे. ब्रेक लावताना मोटरच बराच वेग खाते त्यामुळे पॅड खूप टिकतात, पण वापर कमी म्हणून डिस्कला गंज चढतो, कॅलिपरच्या पिना जाम होतात. चाक काढून आतली बाजू बघायला लावा. आणि एसी. या गाड्यांचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, इंजिन बंद असताना पण गारवा येतो, ते सुख वेगळंच आहे, पण त्यात तेल वेगळं लागतं, पीओई. माझ्या पहिल्या गाडीत एका गॅरेजने गॅस भरताना नेहमीचं पॅग तेल टाकलं. त्याने कॉम्प्रेसरच्या वायरिंगचं इन्सुलेशन खराब होतं, गाडीने एरर दाखवली आणि कॉम्प्रेसर बदलावा लागला. पूर्वीच्या मालकाने एसीचं काम कुठे केलंय ते म्हणूनच विचारा.

पुराचं पाणी गेलेली गाडी हायब्रिडमध्ये अजिबात नको. सीटखालचे बोल्ट, सीटबेल्टचा तळाचा भाग, कार्पेटच्या खालचा फोम बघा. नारंगी जाड वायरी दिसतील त्या हाय व्होल्टेजच्या, त्यांना हात लावू नका, नुसत्या कनेक्टरवर हिरवट पावडर आहे का बघा. असेल तर विचार न करता निघून या.

मग कुठली? प्लग नाही, लांबचे प्रवास जास्त, गाडी दहा वर्षं ठेवायचीय, तर आरएक्स, यात मला तिळमात्र शंका नाही. रोजचं अंतर कमी, रात्रीचा प्लग पक्का, चालवण्याची आवड आहे आणि चांगला मेकॅनिक ओळखीचा आहे तर ४५ई. टी८ फक्त सात माणसांचं कुटुंब असेल तरच, आणि तीही २०२२ नंतरची जमत असेल तर. ट्रेलर ओढायचा असेल तर ४५ई २,७०० किलो ओढते, टी८ २,४००, आरएक्स २,०००, पण हा प्रश्न फार थोड्यांचा.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात १२ व्होल्टची बॅटरी तपासून घ्या, जुनी वाटली तर सरळ बदला. मी एकदा तीन आठवडे गाडी उभी ठेवली, मोठी बॅटरी भरलेलीच होती, पण ती छोटी संपली आणि गाडी उघडेना सुद्धा, रेडीवर येणं (चालायला तयार होणं) तर लांबच. मोठी बॅटरी सिस्टिमला जोडायची तर तो स्विच छोट्या बॅटरीवरच चालतो, हे मला त्या दिवशी अंधारात उभं राहून कळलं. किल्लीच्या आत एक लोखंडी पात असते, ती काढून दाराच्या कुठल्या झाकणाखाली लावायची आणि बाहेरून जंप द्यायची जागा कुठे आहे, हे गाडी ताब्यात घेताना विकणाऱ्याकडून एकदा प्रत्यक्ष करून बघा.