हापूसच्या पल्पसाठी प्लेटवाला हीट एक्स्चेंजर, दोन सीझन वापरून

पाचपैकी तीन स्टार, आणि त्यातले दोन कोकम सरबतामुळे.

आमचं रत्नागिरीजवळ छोटं कॅनिंग युनिट आहे. आधी पल्प स्टीमच्या कढईत तापवायचो, एक माणूस कायम ढवळायला आणि जरा हात थांबला की तळाला लागलंच. म्हणून हा घेतला, यात प्लेटांच्या मधल्या अरुंद फटींतून (त्यांना आम्ही गाळे म्हणतो) माल जातो आणि प्लेटेच्या पलीकडून त्याला उष्णता मिळते. ताशी 1000 लिटरचा, 316 स्टीलच्या प्लेटा, मध्ये ईपीडीएम रबराचे गॅस्केट. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मशीन तसं वाईट नाही, निम्मी चूक आमचीच.

ट्रायल पाण्यावर झाली. 30 डिग्रीचं पाणी बघता बघता 92 वर, मी तर लगेच सही करून मोकळा. मग मे महिन्यात कॅनिंगचा आंबा आला, पल्प सोडला आणि बाहेर निघाला 74 वर. पाणी प्लेटांवरच्या व्ही आकाराच्या खाचांतून जाताना खळखळतं, घुसळतं, म्हणून भराभर उष्णता घेतं. पल्प जाड, तो तसा खळखळतच नाही, आपला गपचूप थर धरून सरकतो. सेल्समनच्या कागदावर सगळे आकडे पाण्याचे होते हे मला नंतर कळलं!

आता गंमत बघा. ऑपरेटर म्हणाला मालक फ्लो कमी करूया, आत जास्त वेळ राहील. बरोबर वाटलं. फ्लो निम्मा केला तर प्रेशर जेमतेम पाचव्या हिश्श्याने उतरलं, टेंपरेचर वर-खाली नाचायला लागलं आणि तासाभराने करपट वास. उघडून बघतो तर काही गाळ्यांत पल्प जाम, कडेला तपकिरी पापुद्रे. बादलीतला पल्प रवीने घुसळला की सैल पडतो आणि थांबलं की परत जाड, तसंच आत चालतं, जिथे वेग कमी तिथे जाडी वाढते, जाडी वाढली की वेग अजून कमी, आणि बाकीचा माल शेजारच्या मोकळ्या गाळ्यातून पळून जातो. म्हणजे हळू चालवून उलट नुकसान. त्या दिवशीचे डबे विकले नाहीत, किती गेले ते विचारू नका.

दुसऱ्या सीझनला प्लेटांची मांडणी बदलून घेतली. आधी सगळे गाळे एकाच वेळी भरायचे, आता माल आधी निम्म्यातून जातो मग उरलेल्या निम्म्यातून, त्यामुळे प्रत्येक गाळ्यात वेग दुप्पट. प्रेशर अडीच पटीच्या आसपास गेलं (पाण्याला असं केलं तर याहून कितीतरी जास्त चढलं असतं), साधा सेंट्रीफ्यूगल पंप काढून जाड माल ढकलणारा लोब पंप बसवावा लागला, तो खर्च वेगळा. पण पल्प 89-90 वर यायला लागला आणि रंगही छान राहिला.

आंब्याच्या रेषांचा त्रास मात्र गेला नाही. फिनिशरला (पल्प गाळायच्या मशीनला) बारीक जाळी लावली तरी चार-पाच तासांनी तोंडाशी गुंता होतोच, हापूसचं तरी बरं, रायवळ घातला तर विसराच. उघडणं सोपं आहे पण परत आवळताना नेमप्लेटवर दिलेल्या मापापर्यंतच आवळा, आमच्या पोराने जोर लावून दोन प्लेटा वाकवल्या.

कोकम सरबत, दूध असलं पातळ काही करत असाल तर डोळे मिटून घ्या, जागा कमी लागते, कॉस्टिक फिरवून धुणं झटपट, स्टीमही वाचते. पल्पवाल्यांनी रुंद गाळ्याच्या प्लेटा मागा नाहीतर सरळ ट्युब्युलर, म्हणजे नळ्यांचा एक्स्चेंजर बघा. मी यंदा एका ट्युब्युलरवाल्याकडे आमच्याच पल्पचा बॅरल पाठवलाय, त्याला म्हटलं पाणी नको, ट्रायल याच्यावर घे.